मावशीच्या पाच खोल्या आणि पायथन-जावाचा घोळ

ताई,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. म्हापशाला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. काय शिकावं तेच ठरत नाहीये. आमचे सर म्हणतात, जावा पक्की कर. बंगळूरचा आतेभाऊ म्हणतो, रिअ‍ॅक्ट आणि क्लाउड. पणजीतल्या एका क्लासवाल्यांनी डेटा सायन्सचा सहा महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी ८० हजार. मैत्रीण म्हणते, कोड आता एआयच लिहितो, तू काहीही शिक.

बाबांचं वेगळंच. त्यांचे खनिज वाहतुकीचे दोन ट्रक होते. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा एक विकला, २०१८ ला दुसरा. आता ते दुसऱ्याच्या टेम्पोवर जातात. कॉम्प्युटरचा विषय काढला की म्हणतात, ‘ट्रक घे म्हणून तेव्हाही सगळा गाव सांगत होता.’ मी सरकारी नोकरीच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांना वाटतं. मला मात्र सकाळी उठून जावंसं वाटेल असं काम हवंय. ते कुठल्या भाषेत मिळतं?

एक सांगायचं राहिलं. मोरजीला माझी मावशी पाच खोल्या पाहुण्यांना देते. दोन वेगवेगळ्या साइटवरून बुकिंग येतं आणि कधीकधी एकच खोली दोघांना जाते. मे महिन्यात मी तिला गूगल शीट आणि थोडी स्क्रिप्ट करून दिली. एक पाहुणा निघणार त्याच दिवशी दुसरा येणार असेल तर शीट खोली ‘भरलेली’ दाखवायची. ते का होतंय हे शोधण्यात अख्खी रात्र गेली. आता नीट चालतं. असो.

ता. क. माझी प्राथमिक शाळा मराठीतून झाली. इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना अडते. ह्या क्षेत्रात ते चालेल का?

— गोंधळलेली, डिचोली

* * *

बाय,

आधी बाबांचं बोलू. इतर सगळे तुला नावं सांगताहेत. त्यांनी एकट्याने प्रश्न विचारलाय. आज ज्याला मागणी आहे ते उद्या एका दिवसात बंद पडलं तर?

डिचोली, सत्तरी, सांग्याच्या लोकांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. ट्रकवाल्याने काही चूक केली होती का? गाडी चांगली होती, चालवणारा तरबेज होता. पण कर्ज गाडीवर, गाडीचं काम खाण ते जेटी एवढंच, आणि खाण दुसऱ्याच्या हातात. म्हणून बाबांना ‘कॉम्प्युटर म्हणजे ट्रक नव्हे’ असं तोंडावर सांगू नकोस. आमच्या क्षेत्रातही असे ट्रक आहेत.

फ्लॅश घे. एके काळी वेबसाइटवरची हलती चित्रं, खेळ, जाहिराती सगळं त्यातच व्हायचं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार थांबवला, ब्राउझरमधून ते गेलं, विषय संपला. अँग्युलरजेएस हे वेबसाइटची पानं बांधायचं साधन २०१० मध्ये आलं, गूगलचं म्हणून लोक त्यावर तुटून पडले. २०१६ मध्ये गूगलनेच अँग्युलर नव्याने लिहून काढलं, ते जुन्याशी जुळेना, आणि २०२१ च्या डिसेंबरात जुन्याला निरोप दिला. आतेभाऊ सांगतोय ते रिअ‍ॅक्ट हेही तसलंच साधन, २०१३ मध्ये फेसबुकने खुलं केलं. आज त्याला भरपूर काम आहे. दहा वर्षांनी असेल का, यावर मी पैज लावणार नाही.

आता दुसरी बाजू बघ. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तिची सुरुवात १९७४ ची, आयबीएममधली. सी भाषा १९७२ ची. पायथन १९९१ चं, जावा आणि जावास्क्रिप्ट १९९५ ची. म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या या भाषा तुझ्याहून वयाने मोठ्या आहेत. कोबॉल तर १९५९ चं. २०२० मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर कोबॉल येणारे लोक हवेत म्हणून जाहीरपणे सांगत होते, कारण सरकारी यंत्रणा अजून त्यावरच होती. (कोबॉल शीक असं मी म्हणत नाही. बाबांना सांगायला बरं, एवढंच.)

फ्लॅशवाल्यांचं पुढे काय झालं, हेही त्यांना सांग. फ्लॅशमधली अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट एकाच घराण्यातल्या. ज्यांना आतलं प्रोग्रामिंग कळत होतं ते तिकडे सरकले. ज्यांना फक्त त्या एका सॉफ्टवेअरची बटणं पाठ होती त्यांची पंचाईत झाली. तेव्हा शिकताना विचारायचं ते इतकंच: हे उद्या बंद झालं तर माझ्या हातात काय उरेल? एका कंपनीचं साधन असेल तर काम चालण्यापुरतं शीक. डेटा कसा मांडायचा, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी कसं बोलतात, प्रोग्राम चुकला तर कुठे बघायचं, हे मात्र खोलात जाऊन शीक.

आता तुझ्या पत्राकडे येते. जावा, डेटा सायन्स, रिअ‍ॅक्ट या नावांबद्दल तू बरंच लिहिलंस, पण त्यातल्या एकाबद्दलही ‘हे करताना मजा आली’ असं लिहिलं नाहीस. मावशीच्या खोल्यांचं मात्र इतकं बारकाईने लिहिलंस की ती शीट माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि तोच भाग ‘असो’ म्हणून सोडून दिलास! एक अख्खी रात्र एका तारखेच्या मागे घालवून तू वैतागली नाहीस. तू विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

तू काय सोडवलंस ते तुला पुरतं कळलंय का, मला शंका आहे. म्हणून थोडं थांबून बघू. मावशीकडची बुकिंग म्हणजे तारखांच्या पट्ट्या. दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात कधी? पहिला पाहुणा येतो ती तारीख दुसऱ्याच्या जाण्याच्या तारखेच्या आधीची असेल, आणि दुसरा येतो ती तारीख पहिल्याच्या जाण्याच्या आधीची असेल, तेव्हा. दोन्ही ठिकाणी ‘आधीची’ हवी. ‘आधीची किंवा तीच’ असं लिहिलं की जो सकाळी निघणार त्याच्या दिवशी दुपारी येणाऱ्याला खोली मिळत नाही. तुझी रात्र बहुधा या एका बरोबरीच्या चिन्हात गेली. या क्षेत्रात येण्याचा दिवस धरायचा आणि जाण्याचा सोडायचा, ही रीत सर्रास पाळतात. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसला तर थेट नियमच घालता येतो, की एकाच खोलीच्या दोन पट्ट्या चढू देऊ नकोस. मग शीट भरणारा माणूस चुकला तरी डेटाबेस नोंद घेत नाही.

आणि अजून एक खड्डा तिथे आहे, तुला तो भेटला नसेल तर भेटेल. दोन साइटवरचे दोन पाहुणे एकाच मिनिटाला तीच खोली बघतात. दोघांनाही ती रिकामी दिसते. दोघेही बुक करतात. तुझी स्क्रिप्ट ‘आधी बघ, मग लिही’ अशी असेल, तर बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसरा घुसतो. रेल्वेचं तिकीट असो की बँकेतली रक्कम, मोठमोठ्या यंत्रणा याच फटीशी झगडतात. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन: बघणं आणि लिहिणं एकत्र बांधायचं, मधे दुसऱ्याला घुसू द्यायचं नाही. कॉलेजात तो धडा तू पाच मार्कांसाठी पाठ केला असशील. आता मावशीची खोली डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा वाच.

हे वाचताना तुला उत्साह वाटला असेल तर तू बॅकएंडची, म्हणजे पडद्यामागचा डेटा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या कामाची आहेस. कंटाळा आला असेल तर माझा अंदाज चुकला, पुढचं वाच.

प्रत्येक कामाला त्याची रोजची कटकट असते, आणि समाधान बरंचसं त्यावर ठरतं की कुठली कटकट तुला झेपते. स्क्रीनच्या बाजूचं काम केलंस तर केलेलं लगेच दिसतं, आईला दाखवता येतं. पण तेच पान एका फोनवर नीट दिसतं आणि दुसऱ्यावर फाटतं, आणि ग्राहक चौथ्यांदा सांगतो, लोगो जरा मोठा करा. बॅकएंडचं उलट. चालतंय तोवर कुणी विचारत नाही, बंद पडलं की रात्री अकराला फोन. क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर) आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा फोन तर त्याहून जास्त वाजतो. त्या वाटेला जायचं तर एखाद्या कंपनीचं सर्टिफिकेट घेण्याआधी लिनक्स अंगवळणी पाड, बहुतेक सर्व्हर त्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. टेस्टिंगकडे आपल्याकडे उगाच कमी लेखून बघतात. दुसऱ्याच्या कामातली भोकं शोधण्यात ज्याला आनंद होतो त्याच्यासाठी ते सोनं आहे.

डेटा सायन्सबद्दल स्पष्ट बोलते, कारण तिथे ८० हजार अडकलेत. ते भरू नकोस. त्या कामाचा मोठा वेळ घाणेरडा डेटा साफ करण्यात जातो: एकाने तालुक्याचं नाव पेडणे लिहिलं, दुसऱ्याने पेडणें, तिसऱ्याने पर्नेम, तिन्ही एकच हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? पुढच्या कामाला संख्याशास्त्र लागतं, ते सहा महिन्यांत अंगात भिनत नाही. कोर्सवाले तयार, साफ केलेला डेटा देतात आणि तीन ओळींत मॉडेल चालवून दाखवतात. तेच सर्टिफिकेट घेऊन शंभर जण उभे असतात. तुला एसक्यूएल उत्तम यायला लागलं आणि वर्षभराने ‘हे आकडे असे का?’ हा प्रश्न झोपू देईना, तर तेव्हा तिकडे वळ. एसक्यूएल तिथेही लागतंच, वाया जात नाही.

फुकटातलं काय आहे? आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर शिकवणारा कोर्स आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तरच थोडी फी. तो एक पूर्ण कर. एक. पाच कोर्स अर्धे बघण्याची आपल्याला वाईट सवय लागलीय.

भाषेचं म्हणशील तर पायथन धर, कारण स्क्रिप्टचा हात तुला बसलाय आणि एक भाषा नीट आली की दुसरी लवकर येते. जावा सोडू नकोस. सर चुकीचं सांगत नाहीत, कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या कंपन्या जावावर बरंच काम करतात, आणि परीक्षेला ती आहेच. फक्त आत्ता दोन्हींवर एकाच जोमाने धावू नकोस. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, आजपासून वापर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं आणि आता जवळपास प्रत्येक ऑफिसात तेच असतं. कॉलेज ते शिकवायची वाट बघू नकोस. ‘प्रोजेक्ट_फायनल_नवीन_२’ अशा नावांची फाइल माझ्याकडे आली की मी मनातल्या मनात दोन मार्क कापते.

मैत्रिणीचा मुद्दा निकालात काढण्यासारखा नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि नवख्यांना सुरुवातीला द्यायची जी किरकोळ कामं होती, एखादा फॉर्म, एखादं रिपोर्टचं पान, ती आता यंत्र मिनिटांत करतं. हे खरं आहे, आणि तुमच्या बॅचला त्याची झळ बसते. पण मावशीकडे अकराला खोली रिकामी होते, दोनला पुढचा पाहुणा येतो, आणि मधल्या तीन तासांत एकच बाई पाचही खोल्या झाडते, हे त्याला कोण सांगणार? तू विचारलंस तर ते पट्ट्यांचा कोड देईल, बहुधा बरोबर देईल. एखाद्या वेळी ‘आधीची किंवा तीच’ देईल. ते चिन्ह बघून थांबणारी तू आहेस, कारण तुझी त्यावर एक रात्र गेलीय.

म्हणून सराव असा कर. त्याच्याकडून कोड मागण्याआधी कागदावर उदाहरणं लिही. एकजण निघतो त्याच दिवशी दुसरा येतो. एकाच रात्रीचा मुक्काम. ३१ डिसेंबरला येऊन १ जानेवारीला जाणारा. मधेच रद्द केलेलं बुकिंग. राहिलेला पाहुणा अजून दोन दिवस मागतो, पण खोली पुढे दिलेली आहे. प्रत्येकाचं उत्तर आधी स्वतः ठरव, मग कोड चालवून ताडून बघ. याला टेस्ट लिहिणं म्हणतात, आणि अनुभवी म्हणवणारेही ते टाळतात.

गोव्यात राहायचं की बाहेर जायचं, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. इथे काम आहे. वेर्ण्याच्या वसाहतीत आणि पणजी-पर्वरीत सॉफ्टवेअरची ऑफिसं आहेत, औषध कारखान्यांना नोंदी आणि तपासणीच्या यंत्रणा लागतात, हॉटेलांच्या धंद्याचं तर तुला मावशीमुळे आतून ठाऊक आहे. पण संधी पुणे-बंगळूरपेक्षा कमी, आणि सुरुवातीचा पगारही बहुधा कमी. घरचं जेवण आणि वाचलेलं भाडं त्यातून वजा करून बघ, मग फरक तितका मोठा वाटत नाही. माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं अशा ठिकाणी काढ जिथे शेजारच्या खुर्चीत तुझ्याहून जाणकार माणूस बसलेला असेल. ते वेर्ण्याला मिळालं तर उत्तम, पुण्याला मिळालं तर पुण्याला जा. घरबसल्या काम नवख्या माणसाने घेऊ नये. अडलं की विचारायला कुणी नसतं आणि एका साध्या चुकीत तीन दिवस जातात.

मुलाखतीला गेलीस की तूही विचार: मी लिहिलेला कोड कोण तपासणार? तो ग्राहकाच्या हातात पडायला किती दिवस लागतात? रात्री काही बंद पडलं तर फोन कुणाला जातो? समोरचा गडबडला तर त्यातूनही कळतं. बाँड (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) पुढे केला तर घरी आणून वाच, आणि मूळ मार्कशीट किंवा सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवून घेऊ देऊ नकोस.

सरकारी परीक्षा द्यायला माझी ना नाही. गोवा कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात आली की अर्ज भर, पेपर दे. सरकारी खात्यांतही कॉम्प्युटरचं काम असतं आणि ते वाईट नसतं. फक्त ‘आधी परीक्षा, मग बाकीचं’ असं करून वर्ष घालवू नकोस, जाहिरात कधी येईल ते तुझ्या हातात नाही. आणि बाबांना एकदा मोरजीला घेऊन जा. तू काय शिकतेस हे त्यांना तुझ्या तोंडून कळणार नाही. मावशीने फोनवर पाहुण्याला ‘थांबा, बघते’ म्हणत तुझी शीट उघडली की कळेल. ज्या माणसाने दोन ट्रकांच्या फेऱ्यांचा हिशोब ठेवलाय त्याला ती बघताक्षणी समजेल. कदाचित तुझ्या शीटमधली एखादी चूकही दाखवतील.

तेव्हा आत्ता लगेच काय, तर सिझन सुरू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत, मावशीची शीट खऱ्या डेटाबेसवर ने. टेबलं फार नकोत: खोल्या, पाहुणे, बुकिंग. वर पायथनचं साधं पान, दिसायला कसंही चालेल. मधे चवथ (गणेशचतुर्थी) येते, तेव्हा आठवडाभर काही होणार नाही, ते धरूनच चाल. जुनी शीट लगेच बंद करू नकोस, महिनाभर दोन्ही चालव आणि रोज रात्री ताडून बघ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मावशीकडे नवीन काही बसवू नकोस, ती तुला घरात घेणार नाही. मुलाखतीत ‘तुम्ही काय केलंय?’ विचारलं की वर्गातल्या बाकी सगळ्यांकडे ग्रंथालय व्यवस्थापनाचा तोच ठरलेला प्रोजेक्ट असेल, आणि तुझ्याकडे एक सिझन काढलेली यंत्रणा.

आता ता. क. मधलं. चालेल. या कामात बोलण्यापेक्षा वाचणं आणि लिहिणं जास्त, आणि वाचायला तुला येतं. एरर आली की ती पूर्ण वाच, शेवटच्या ओळीपासून वर. बरेचजण इंग्रजी फाडफाड बोलतात पण एरर न वाचताच शेजाऱ्याला हाक मारतात. लिहिण्यासाठी रोज एक कर: आज काय बदललं, का बदललं, हे गिटमध्ये दोन सोप्या इंग्रजी वाक्यांत लिही. बोलण्याचा सराव मावशीकडे येणाऱ्या पाहुण्यांवर कर. रशियन पाहुण्यांचं इंग्रजीही तुझ्यासारखंच अडखळतं, दोघांनाही लाज वाटणार नाही.

— तुझी ताई